हातातून हातात नाही

— अहो अहो अहो, पुसू नका! शर्टाला पुसू नका! ठेवा. ठेवा म्हणतो ना खाली — इथं, या तबकात, ही हिरवी बनात दिसतेय ना, हिच्यावर. हं. आता जरा श्वास घ्या, मलाही घेऊ द्या. अहो इंजिनिअर, ते नाणं ऐंशी-नव्वद वर्षं जगलं तेव्हा कुठे त्याला हा सावळेपणा आला, आणि तुम्ही एका फटक्यात... काय? इंजिनिअर नाही? बँकेत आहात? असू दे हो, आमच्या अलेक्झांड्रियात चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला इंजिनिअरच म्हणतात, मी कुठे वेगळं काही करू. तर नियम पहिला, मनगटावर लिहून ठेवा हवं तर — नाणं पुसायचं नाही, घासायचं नाही, टूथपेस्ट नाही, ते काळं सरबत ओतून ठेवायचं नाही — ओतलंत? कितींवर ओतलंत? — या अल्लाह. बरं. झालं ते झालं. चकचकीत नाणं म्हणजे नाणं नव्हे, बटण. शर्टाला लावा नि फिरा. आणि त्या खुर्चीवर नका बसू. नाही, नका बसू, ती — मोडकी आहे. दिसायला धड आहे, आतून मोडकी आहे. हे स्टूल घ्या. स्टूल उत्तम आहे.

आता बघा, तुम्ही आत आल्या आल्या काय केलंत? नाणं काढलंत आणि माझ्या हातात द्यायला लागलात. चूक तुमची नाही, कुणी शिकवलं नाही. पण पहिला नियम हाच — हो, पुसण्याचाही पहिला होता, हाही पहिलाच, माझ्याकडे सगळे पहिलेच असतात — नाणं हातातून हातात द्यायचं नाही. तुम्ही तबकात ठेवायचं, मी तबकातून उचलायचं. मी ठेवायचं, तुम्ही उचलायचं. का? कारण दोन हातांच्या मध्ये जी फट असते ना, तिच्यातून दुकानं बुडाली आहेत. हे समोर गटाराचं झाकण दिसतंय? त्याच्या खाली राजा फारूकचं एक वीस पियास्टर आहे, चांदीचं, अस्सल. एका भावानं दुसऱ्या भावाला दिलं, याला वाटलं त्यानं धरलं, त्याला वाटलं यानं सोडलं नाही — टण्ण! गेलं. ते दोघं भाऊ अजून बोलत नाहीत. एकाच मजल्यावर राहतात, जिन्यात भेटले की एक जण भिंतीकडे बघतो. म्हणून तबक. आणि अत्तारीनच्या या गल्लीत आणखी एक रीत आहे, तीही शिकून घ्या, नाहीतर फसाल. तबकातलं नाणं दोन बोटांत कडेनं धरलंत, तर तुम्ही नुसते बघताय. बघा, तासभर बघा, कुणी काही म्हणणार नाही. पण मूठ मिटलीत, की ते तुमचं. सौदा झाला. बोलायचं नाही, लिहायचं नाही, मग 'घरी विचारून येतो' चालत नाही. बाजार उठेपर्यंत सगळी गल्ली साक्षीदार. कित्येक लोक नुसतं कौतुकानं मूठ मिटतात आणि मग कपाळाला हात लावतात. तेव्हा मूठ सांभाळा.

आणा ती पिशवी इकडे. सगळी ओता तबकात. ओता ओता, लाजताय काय. हं... हे फारूक, हे फारूक, हे त्याचे वडील — हे घासलेलं, हेही घासलेलं, या सलाम, हे तर किसणीवर घासलेलं दिसतंय — हे सायप्रसचं, हे बंदरावर खलाशांकडून आलेलं असणार — आणि हे काय? रोमन? कुणी दिलं? शेतात नांगरताना सापडलं म्हणाला? दर वेळी नांगरतानाच सापडतं बघा, यांची शेतं नाण्यांचीच पिकतात की काय कोण जाणे. इंजिनिअर, ऐका. असं नाणं खरं असेल तर ते सरकारचं आहे, तुम्ही आत जाल. खोटं असेल तर तुमचं आहे, तुम्ही रडाल. दोन्हीत मजा नाही. हे? खोटं आहे, काळजी नको. ओतीव आहे, कडेवर शिवण दिसतेय, नख फिरवून बघा. चांगलं झालं, तुम्ही सुटलात. हसा की जरा.

माझं ऐकाल तर सुरुवात खिशापासून करा. खिशातले सुटे. रोटीवाला परत देतो ते, फूल-तामियाच्या, उसळ नि वड्यांच्या, गाडीवर मिळतं ते. त्यात रोज बघा — साल कुठलं, चित्र कुठलं, कड कशी. डोळा तयार होतो, आणि खर्च शून्य. मग एकच काहीतरी धरा. एक राजा धरा, एक टाकसाळ धरा, जहाजं असलेली नाणी धरा — पण एक. सगळं गोळा करणाऱ्याला शौकीन म्हणत नाहीत, भंगारवाला म्हणतात. आणि लोहचुंबक ठेवा खिशात, खरी चांदी त्याला चिकटत नाही. आणि ती ऑस्ट्रियाची जाडी राणी कुणी गळ्यात मारायला आलं तर सालाला भुलू नका. ती राणी वारली तरी लोकांना तिचंच नाणं हवं, म्हणून तेच साल घालून पुढे दोनशे वर्षं पाडत राहिले. जगात एवढी एकच बाई, जिचं वय कधी वाढलं नाही. चांदी खरी असते, साल खोटं. आणि हा तुर्की सुलतान घ्या, हा उलटा — याच्या नाण्यावर गादीवर बसल्याचं साल, आणि वरती बारीकसा आकडा, कितवं वर्ष ते. दोन्हींची बेरीज करून एक वजा केला की खरं साल. नवशिका नुसतं खालचं वाचतो आणि उड्या मारतो.

कॉफी घेणार? मजबूत ना, बेताच्या साखरेची? ए, समोर — दोन मजबूत! — नाही, थांब, एकच! एकच पाठव, दुसरी मागाहून सांगतो! — काय वारा सुटलाय बघा. कासिमचं वादळ आहे हे, दर डिसेंबरात येतं, पण यंदा ताकद जरा जास्तच दिसतेय. तिकडे समुद्राकाठी, कॉर्निशवर, लाटा रस्त्यावर येत असतील. ट्राम चालू आहे का हो? तुम्ही ट्रामनं आलात? चालू होती? गर्दी होती? नाही, सहज विचारलं. अशा हवेत माणूस घराबाहेर पडतो की नाही, याचा अंदाज घ्यावा. धंद्याच्या दृष्टीनं.

तर काय सांगत होतो — हं. पहिला नियम. नाणी एकदम बघायची नाहीत. एका वेळी एक. नाण्याला एकट्यानं बघावं लागतं. आज एक बघा, त्याच्याबरोबर बसा, कॉफी प्या, घरी जा, आठवडाभर डोक्यात घोळू द्या, पुढच्या गुरुवारी दुसरं. असं केलं की — काय? तुमची मी सगळी एकदम ओतायला लावली? पाच मिनिटांत निकाली काढली? हं. तुम्ही बँकेत आहात तेच बरं आहे. तुमची गोष्ट वेगळी. तुमच्या पिशवीत काही दम नव्हता, खरं सांगतो, राग मानू नका. एकेक बघायची ती नाणी वेगळी असतात. म्हणजे उदाहरणार्थ आमच्याकडे एक येतात, सित्त इन्साफ म्हणून. दर गुरुवारी येतात. दुपार कलली, असरची नमाज झाली की साधारण. त्यांचे यजमान, मरहूम हिल्मी बे, बंदरावर कस्टममध्ये होते, त्यांचा संग्रह. बिस्किटांचा निळा डबा असतो ना — प्रत्येक घरात असतो, आणि त्यात बिस्किटं कधीच नसतात — त्या डब्यात. पहिल्या दिवशी सगळा डबा घेऊन आल्या होत्या. मीच म्हणालो, अहो एकदम नको, घाई काय, एकेक आणा. अभ्यासाच्या दृष्टीनं. हसू नका. अभ्यासाच्या दृष्टीनंच म्हणालो.

पहिल्या दिवसाचं सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. त्यांनी डबा उघडला आणि माझे डोळे दिपले. अक्षरशः. सगळी नाणी चकचकीत! लिंबू, मीठ आणि चुलीची राख. आणण्याच्या आदल्या दिवशी बसून एकूण एक नाणं घासलेलं. का? तर म्हणाल्या, 'मरहूमची चीज परक्या माणसाच्या टेबलावर कळकट कशी ठेवायची? लोक म्हणतील, याच्या माघारी बायकोनं लक्ष दिलं नाही.' आता सांगा. आमच्या बायका ईदच्या आधी तांब्याची पातेली घासतात, त्या हिशोबानं. त्यात एक खदीवाच्या, राजांच्याही आधीच्या काळातलं होतं, न घासलेलं असतं तर मी उभा राहून सलाम केला असता. दुसरं कुणी असतं ना — तुमच्यावर ओरडलो तसा ओरडलो असतो, त्याच्या दुप्पट. विचारा गल्लीत, माझा आवाज मशिदीपर्यंत जातो. आणि त्या दिवशी — नुसती खुर्ची पुढे केली. बाई कोपरापर्यंत राख लागली होती ती धुऊन, इस्त्रीचा काळा कोट घालून, ट्रामनं आली होती. तिला काय सांगू की तुम्ही नवऱ्याची आठवण घासून टाकलीत? पण खोटंही नाही बोललो. म्हणालो, सित्त, यांची किंमत आता फारशी येणार नाही, पण नाणी बघण्यासारखी आहेत, एकेक बघू. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, 'मला विकायची नाहीतच. यांना त्यात काय दिसायचं, एवढंच कळून घ्यायचंय. जिवंत असताना मी कधी विचारलं नाही.' आता अशा माणसाला तुम्ही पाच मिनिटांत निकाली काढाल?

तर मी सांगत गेलो. दर गुरुवारी एक. हा राजा कोण, याची दाढी अशी का, हे अक्षर कुणी काढलं. त्या ऐकतात फार छान. तुमच्यासारखं मोबाईलकडे बघत नाहीत — ठेवा तो खिशात. आणि कॉफी. आपल्याकडे रीत आहे ना, मयताच्या घरी बिनसाखरेची. यजमान जाऊन किती वर्षं झाली होती, तरी त्या बिनसाखरेचीच घ्यायच्या. कित्येक गुरुवार. मी काही बोललो नाही, आपण कोण. मग एका गुरुवारी, कप हातात घेतला, खाली ठेवला, म्हणाल्या, 'उस्ताद शौकी, आज साखर असू द्या थोडी.' बस, एवढंच. ती गोष्ट आहे गेल्या उन्हाळ्याची. त्या दिवशी मी एका ग्राहकाला अस्सल नाणं निम्म्या भावात दिलं आणि घरी जाताना मासे घेतले, आणि मला मासे आवडत नाहीत. मी एकटाच आहे हो. लग्न राहून गेलं. नाणी बघत बसलो, मान वर केली तर साठी. तुमचं झालंय? नाही? आधी करा. नाणी पळून जात नाहीत.

हो, खुर्ची त्यांचीच. बरं, नाही मोडकी. झालं समाधान?

काय बघताय? ती लाल डबी? ती विकायची नाही. उघडून बघा हवं तर, पण कडेनं धरा, दोन बोटांनी, मूठ नका मिटू. सोन्याची गिनी आहे, घोडेस्वार आणि साप. माझ्या आईची. वडिलांनी तिला लग्न ठरताना दिली, शबक्यात, बांगडीबरोबर. बांगडी गेली, ही राहिली. आई जाताना म्हणाली होती, ही तू कुणाच्या तरी हातावर ठेव. मी म्हटलं, ठेवीन. ठेवली तिजोरीत. आता काही महिने झाले, दर गुरुवारी दुकानात आणतो आणि दर गुरुवारी परत घरी नेतो. नाही, कशासाठी म्हणजे — हवा लागावी म्हणून. सोन्याला. ठेवा आता.

वाजले किती? असर होऊन गेली ना? बांग ऐकलीत तुम्ही? वाऱ्यात ऐकू आली नसेल.

समोरचा तो हाजी मितवल्ली दिसतोय का, झुंबरांच्या दुकानात? बघा कसा दात काढतोय. दर गुरुवारी दुकानातली झाडून सगळी झुंबरं पेटवतो, वीज बिलाची पर्वा नाही. म्हणतो, तुझ्या पाहुणीला उजेड व्हावा म्हणून. वात्रट आहे. आणि तोंडाचा फाटका. मागच्या आठवड्यात येऊन मला काय सांगावं? म्हणतो, 'शौकी, तुझी सित्त इन्साफ तुझ्यावर नाराज दिसते. पलीकडच्या फुटपाथवर तो चादर टाकून बसतो ना, टोकनं नि बिल्ले विकणारा, त्याच्यापुढे उकिडवी बसली होती, कितीतरी वेळ.' मी म्हटलं, तुझे डोळे तपास. पण रात्रभर झोप नाही. म्हणजे काय, मी एकेक नाण्यावर जीव टाकतोय आणि ही बाई बाकीची त्या चादरवाल्याला विकतेय? त्याला फारूक कोण नि फुआद कोण हे माहीत नाही! आणि विकायचीच होती तर मी मेलो होतो का? वाईट वाटलं हो. खोटं कशाला सांगू. फार वाईट वाटलं. त्यात मागच्या गुरुवारी जाता जाता त्या म्हणाल्या, 'डब्यात आता एकच उरलंय, उस्ताद. पुढच्या वेळी ते आणते.' म्हणजे आज. आज शेवटचं. आज ते बघितलं, कॉफी झाली, की संपलं. नंतर त्या कशाला येतील इथं? माणूस बिनकामाचा दुकानात येतो का? मी दुकानदार आहे इंजिनिअर, मला भाव बोलता येतो, दुसरं काही बोलता येत नाही. तिला काय सांगू — येत जा? कशासाठी? आणि त्यात हे वादळ. आलीच नाही तर? बरं होईल एका परीनं. शेवटचं तरी शिल्लक राहील.

जाऊ दे. तुम्ही शिकायला आलात, शिका. हे घ्या भिंग. आता खरा पहिला नियम — हसू नका, हाच खरा — कुठलंही नाणं हातात आलं, राजा बघायच्या आधी, चित्र बघायच्या आधी, धातू बघायच्या आधी, साल वाचायचं. मोठ्यानं. आपल्या कानांना ऐकू जाईल असं. कारण डोळा लबाड असतो, त्याला जे बघायचं तेच बघतो. साल वाचलं की तो वठणीवर येतो. करून बघा. कुठलं देऊ... हे घ्या. हे सित्त इन्साफचंच आहे, मागच्या गुरुवारचं, अभ्यासाला म्हणून माझ्याकडे राहिलंय. काही विशेष नाही, अर्ध्या पौंडाचं, आपलं रोजचं. हल्ली त्या असलंच काही काही आणतात. आधी सगळं राजांचं असायचं, चांदीचं. मग गेले कित्येक महिने कधी तुर्की, कधी भोकवालं ग्रीक, एकदा तर ट्रामचं जुनं टोकन. मला वाटलं, हिल्मी बे शेवटी शेवटी जरा भरकटले असतील, म्हाताऱ्या माणसाचं होतं तसं. मी त्या टोकनावरही अर्धा तास बोललो. त्या इतक्या मन लावून ऐकत होत्या की थांबवेना. हं, वाचा. कडेनं धरा. चित्र काय आहे? टॉवर? बरोबर, नवं अलामैन, समुद्राकाठी ते नवं शहर बांधलं ना, त्याचे टॉवर. आता साल. मोठ्यानं.

काय?

नाही नाही, नीट वाचा. भिंग जवळ घ्या. एकोणीस? दोन हजार एकोणीस? शेजारी हिजरी साल असेल ते — हिशोबानं तेही तेच येतं? द्या इकडे. नाही — तबकात! तबकात ठेवा. हं.

एकोणीस.

अहो, हिल्मी बे गेले सोळा साली, पौंड घसरला त्या हिवाळ्यात. पौंड एका रात्रीत निम्म्यावर आला त्या वर्षी. मला पक्कं माहीत आहे, त्याच म्हणाल्या होत्या, कफनाच्या कापडाचा भावसुद्धा वाढला होता म्हणून. तेव्हा हे नाणं कुठे होतं? हे शहरच कुठे होतं! तिथं नुसती वाळू होती, वाळू आणि उंट. मेलेला माणूस डब्यात हे टाकणार कसा? आणि मी — मी हे नाणं याच भिंगातून अर्धा तास बघितलं! तिच्या समोर! काय बघत होतो मी? भिंगातून मला त्या समोर असल्या की काय दिसतं, देव जाणे. उभ्या गल्लीला साल वाचायला शिकवतो मी, इंजिनिअर. माझ्या पाटीवर लिहिलंय, 'तज्ज्ञ'. काढून टाका ती पाटी.

म्हणजे डबा कधीचाच... थांबा. थांबा थांबा. फुटपाथवर ती विकत नव्हती. मितवल्लीनं 'विकतेय' असं म्हटलंच नव्हतं, ते माझं डोकं. ती त्या टोकनवाल्यापुढे नुसती बसली होती म्हणाला. ती विकत — या सलाम. ती विकत घेत होती. त्या चादरवाल्याकडून. दर गुरुवारसाठी एक. आणि एखाद्या आठवड्यात काही मिळालं नसेल, तर पर्समधलं सुटं काढलं आणि ठेवलं तबकात, आणि माझ्याकडे बघत बसली, की हा गाढव आता तरी विचारतो का. आणि गाढव टॉवरवर बोलत बसला.

इंजिनिअर, माझी कॉलर नीट आहे का? मागून बघा. आणि ती डबी द्या. लाल. लवकर द्या हो — नाही, हातात नको — बरं द्या हातात, आज राहू दे.

घंटा वाजली का दाराची? वारा असेल. वारा नाही —

— या, या सित्त इन्साफ, या! अहो काय हवा ही, कशाला निघालात — म्हणजे बरं झालं निघालात — कोट भिजलाय, तिथं टांगा. बसा. कोरडी आहे, कोरडी आहे खुर्ची, कुणी बसलं नव्हतं. हा? हा नवा शौकीन, बँकेत असतो. शिकायला आलाय. डोळा चांगला आहे त्याचा, साल लगेच वाचतो. जातोच आहे तो. — ए, समोर! एक मजबूत! साखरेची! — हो, वादळ. कासिम. दर वर्षी येतं. हो. — तर आज ते शेवटचं. आणलंत ना? डबाच आणलात? उघडू मी? झाकण घट्ट आहे... सुया आहेत यात. सुया आणि दोऱ्याची रिळं. आणि अंगुस्तान. नाणं कुठंय, सित्त?

नाही? एकही? ... कधीपासून? ... रमजानच्या आधीपासून! आणि ते ग्रीक? तुर्की? ट्रामचं टोकन? — किती घेतले त्यानं टोकनाचे? वीस! लुटलं हो तुम्हाला, दिवसाढवळ्या लुटलं! तीन पौंडाची वस्तू ती! मला विचारायचं ना, मी सांगितलं असतं — हसताय काय? नाही, मला कसं विचारणार, बरोबर आहे. बरोबर आहे तुमचं. ... नाही, मी ओळखलं नव्हतं. आत्ता ओळखलं. यानं वाचलं, मी नाही. मला लाज वाटतेय ते सोडा, पण सित्त, मला इतका आनंद आयुष्यात — असो.

आज तुमच्याकडे काही नाही, तर मी दाखवतो एक. बसा, उठू नका. हे. ठेवलं तबकात. बघा. ... हो, सोन्याची आहे. माझ्या आईची, तिच्या शबक्यातली. नाही, हिची किंमत नाही सांगता येत. विकायची नाही. तशी नाही विकायची. मला बोलता येत नाही, सित्त इन्साफ, तुम्ही सगळे गुरुवार माझं बोलणं ऐकलंत, एवढं एकच बोलता येत नाही. तुम्हाला गल्लीची रीत माहीत आहे. उचला, हवी असेल तर. नसेल तर राहू दे, कॉफी घेऊ, पुढच्या गुरुवारी मी दुसरं काही... तरी तुम्ही येत जा, एवढंच.

उचलत नाही? ... नको? ... मग हात पुढे कशाला — काय म्हणालात? तबकातून नाही? अहो पण तो नियम आहे, हातातून हातात देत नाहीत, मध्ये फट असते, मी स्वतः तुम्हाला पहिल्याच दिवशी — ... पडणार नाही म्हणता? ... हं. ... तरी तळवा तबकावर धरा. ... थंड आहे हो तुमचा हात. वाऱ्यातून आलात.

मिटलीत. मूठ मिटलीत ना? — इंजिनिअर, बघितलंत? मूठ मिटली! तुम्ही साक्षीदार, आणि तो मितवल्ली साक्षीदार, बघा काचेला नाक लावून उभा आहे मेला, पेटव म्हणावं आणखी दोन झुंबरं! — आणि तुम्ही अजून स्टुलावर काय बसलाय? उठा. ती पिशवी घ्या. नाही नाही, काही देऊ नका, आज कसली शिकवणी नि कसलं काय. पुढच्या गुरुवारी — नाही, गुरुवारी नको. शनिवारी या. सकाळी या. आणि जाताना दार ओढून घ्या, वारा आत येतोय.